बहिर्निर्मित खडक आणि ज्वालामुखी खडक : एकच की वेगळे?

कातळवेडा (धागाकर्ता)

अग्निज खडकांबद्दल वाचताना एका ठिकाणी माझी गाडी अडली आहे, म्हणून हा धागा काढतोय. बहुतेक पुस्तकांत सुरुवातीलाच सांगतात की शिलारस जमिनीखाली थिजला तर अंतर्निर्मित खडक आणि पृष्ठावर येऊन थिजला तर बहिर्निर्मित खडक. लगेच पुढे ‘बहिर्निर्मित म्हणजेच ज्वालामुखी खडक’ असं लिहून विषय संपवतात.

पण जरा खोलात शिरलं की गोंधळ सुरू होतो. ज्वालामुखीच्या नळीतच अडकून थिजलेला खडक पृष्ठावर कधी आलाच नव्हता, तरी तो ज्वालामुखी खडकांतच गणला जातो. राख हवेतून खाली पडते आणि तिचा खडक होतो, तो नक्की कुठे थिजला म्हणायचा? काही ठिकाणी तर खडक कुठे तयार झाला हे न पाहता नुसत्या कणांच्या बारीकपणावरून त्याला ज्वालामुखी म्हटलेलं दिसतं.

व्याख्या पाठ करण्यात मला रस नाही. समोरचा कातळ पृष्ठावरून वाहत आला होता की खाली थिजून पुढे झिजेमुळे उघडा पडला, हे बघून कळतं का आणि कशावरून कळतं, एवढं समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खनिजप्रेमी

चांगला धागा. माझ्या मते रोजच्या वापरात दोन्ही एकच. खाली, गरम खडकांच्या वेढ्यात शिलारस हजारो-लाखो वर्षं घेत निवतो, त्यामुळे स्फटिकांना वाढायला सवड मिळते आणि ग्रॅनाइट, गॅब्रोसारखे भरड खडक होतात. वर हवेत किंवा पाण्यात तोच रस भराभर निवतो, स्फटिक डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक राहतात. फारच झटकन निवला तर स्फटिक बनतच नाहीत, नुसती काच होते; तोच ऑब्सिडियन.

म्हणून रासायनिक घटक तेच पण पोत वेगळा अशा जोड्या लागतात. गॅब्रो आणि बेसाल्ट, डायोराइट आणि अँडेसाइट, ग्रॅनाइट आणि ऱ्हायोलाइट. सिलिकाचं प्रमाण बेसाल्टमध्ये साधारण ४५ ते ५२ टक्के, अँडेसाइटमध्ये ५७ ते ६३, ऱ्हायोलाइटमध्ये ७० च्या आसपास आणि वर. एवढं डोक्यात असलं की पुरे.

भूस्तर

खनिजप्रेमींनी मांडलेला पाया बरोबर आहे, पण कातळवेडा यांचा प्रश्न तिथून पुढचा आहे. इथे दोन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले गेलेत. एक, खडक कुठे थिजला. दोन, खडक दिसतो कसा. ‘बहिर्निर्मित’ हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘ज्वालामुखी खडक’ हे नाव प्रत्यक्षात बऱ्याचदा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दिलं जातं.

आंतरराष्ट्रीय भूविज्ञान संघाची जी वर्गीकरण पद्धत आज जगभर वापरतात (स्विस शिलाशास्त्रज्ञ आल्बर्ट श्ट्रेकाइझन यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली), तिच्यात मुद्दाम असं ठरवलं आहे की नाव देताना खडकाच्या जन्मस्थानाबद्दल शक्य तितकं कमी गृहीत धरायचं. कण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, साधारण मिलिमीटरच्या आत, तर तो ज्वालामुखी खडकांच्या तक्त्यात जातो. भरड असेल तर पातालीय खडकांच्या. बारीक कणांची खनिजं मोजता येत नसतील तर रासायनिक पृथक्करण करून सिलिका एका अक्षावर आणि सोडियम-पोटॅशियमची ऑक्साइडं दुसऱ्या अक्षावर मांडतात, आणि बिंदू कुठल्या चौकटीत पडतो त्यावरून नाव ठरतं.

याचा अर्थ असा की बेसाल्टच्या रचनेचा रस जमिनीखाली चारशे मीटरवर एखाद्या अरुंद भेगेत घुसला आणि थंड भिंतींना टेकून झटपट निवला, तर त्या बारीक खडकाला बेसाल्टच म्हटलं जाईल. तो ज्वालामुखी खडक आहे, बहिर्निर्मित मात्र नाही.

अमेरिकेत वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर नावाचा सुळका आहे, पायथ्यापासून सुमारे २६५ मीटर उंच, अंगभर उभे खांब. खडक फोनोलाइट, म्हणजे तक्त्यात सरळ ज्वालामुखी गटात बसणारा. तो खडक कुठे थिजला यावर मात्र अजून एकमत नाही. काहींच्या मते तो जमिनीखालच्या थरांमध्ये घुसून राहिलेला रस आहे, काहींच्या मते ज्वालामुखीच्या नळीतला गाभा. लाव्हारसाचा प्रवाह म्हणून तिथे पसरलेला तो नव्हता, आणि भोवतालचे मऊ थर नदीने वाहून नेल्यावर उघडा पडला, यावर सहसा वाद नाही. हातात घेतलेला तुकडा तुम्हाला ‘फोनोलाइट’ एवढं सांगेल. जागा सांगायला तो तुकडा अपुरा आहे.

निळा_डोंगर

म्हणजे बारीक कण = पृष्ठावर थिजलेला हे समीकरणच कच्चं आहे तर! उलट बाजूही असते का? म्हणजे पृष्ठावर असूनही भरड?

भूस्तर

@निळा_डोंगर, असते, आणि ती बाजू मला जास्त शिकवणारी वाटते.

हवाईत १९५९ साली किलाउएआ इकी या विवरात उद्रेक झाला आणि शंभर मीटरहून खोल लाव्हाचं तळं साचलं. वर काही दिवसांत काळी साय धरली. त्या सायीवर उभं राहून शास्त्रज्ञांनी पुढची कित्येक वर्षं छिद्रं घेतली, तर दोन दशकांनंतरही आतला गाभा पुरता थिजलेला नव्हता. लाव्हा कडक होताना बाहेरची साल उष्णता अडवते, कारण खडक हा उष्णतेचा फार वाईट वाहक. जाडी दुप्पट झाली की निवायचा काळ साधारण चौपट होतो. म्हणून जाड प्रवाहाच्या पोटातला बेसाल्ट पातळ डाईकमधल्या (म्हणजे भेगेत घुसून भिंतीसारख्या थिजलेल्या) बेसाल्टपेक्षा भरड असू शकतो, जरी पहिला उघड्यावर निवला आणि दुसरा जमिनीखाली.

थोडक्यात, कणांचा आकार निवण्याचा वेग सांगतो, खोली नाही. वेग ठरतो तो जाडीवर, भोवतालच्या तापमानावर आणि पाण्याशी गाठ पडली की नाही यावर. खोली हा त्यातला एक घटक.

चकमक

इथे कोमाटिआइटचा उल्लेख हवाच. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नदीच्या परिसरातून १९६९ मध्ये हा खडक जगासमोर आला. तीनशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा लाव्हा, बाहेर पडताना १६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेलेला. आजचा बेसाल्ट ११०० ते १२०० अंशांवर बाहेर येतो. या लाव्हाप्रवाहांच्या वरच्या भागात ऑलिव्हिन या खनिजाची लांबच लांब, पात्यांसारखी स्फटिकं एकमेकांत घुसलेली दिसतात, काही तर हातभर लांब. लाव्हा इतका तप्त आणि पातळ होता की स्फटिकांची बीजं जेमतेम धरली, आणि जी धरली ती वरून खाली सुसाट वाढत गेली. म्हणजे भराभर निवूनही मोठे स्फटिक! बहिर्निर्मित तर आहेच, पण पाठ्यपुस्तकातल्या ‘बारीक कण’ या खुणेला न जुमानणारा.

मातीचे_पाय

वाचतेय, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न राखेच्या खडकांबद्दल. टफ वगैरे अग्निज धरायचे की गाळाचे? थर तर गाळासारखेच दिसतात.

भूस्तर

@मातीचे_पाय, कातळवेडा यांनी ‘थिजला कुठे’ असं विचारलं होतं त्याचंही उत्तर इथेच येतं.

शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू दाबाखाली विरघळलेले असतात. वर येताना दाब कमी होतो, वायू सुटून बुडबुडे धरतात. बेसाल्टसारखा पातळ रस असेल तर ते निसटून जातात आणि लाव्हा निमूट वाहतो. ऱ्हायोलाइटचा रस एवढा चिकट की बुडबुडे अडकतात, फुगतात आणि शेवटी रसाच्याच चिंध्या उडवतात. त्या चिंध्या हवेतच निवतात. दोन मिलिमीटरच्या आतले कण म्हणजे राख, ६४ मिलिमीटरपर्यंतचे लॅपिली, त्याहून मोठे ज्वालामुखी बाँब किंवा ठोकळे. राखेचा कण भिंगाखाली धरा: वाकडी काचेची कपची, कडेला अर्धगोल खळगा. तो खळगा म्हणजे फुटलेल्या बुडबुड्याची भिंत. म्हणजे रस थिजला तो हवेत, खडक झाला तो जमिनीवर साचल्यानंतर.

यांना अग्निदलिक खडक म्हणतात. रस पृष्ठाबाहेर आला म्हणून ते बहिर्निर्मित, उद्रेकातून आले म्हणून ज्वालामुखी. पण लाव्हा नव्हेत. लाव्हाचे खडक आणि अग्निदलिक खडक असे दोन भाऊ बहिर्निर्मित या घरात राहतात, आणि बरेच जण दुसऱ्याला विसरतात.

गाळाशी सीमा कुठे? राख पडली तिथेच दगड झाली तर टफ. पावसाने, ओढ्याने ती उचलून दुसरीकडे नेऊन इतर मातीत मिसळली तर हळूहळू ती गाळाच्या खडकांकडे सरकते. मधल्या मिश्रणाला टफाइट म्हणतात, त्यात अग्निदलिक कण पाव ते पाऊण हिश्श्यादरम्यान असतात. दाणे गोलसर घासलेले, प्रतवारी लागलेली, तिरके थर दिसले तर पाण्याने हात लावलाय असं समजावं.

आणखी एक फसवा प्रकार. १९१२ साली अलास्कात नोव्हारुप्ताचा उद्रेक झाला, विसाव्या शतकातला सर्वांत मोठा. तप्त राख आणि प्यूमिसचे (बुडबुड्यांनी फुगलेल्या हलक्या काचदगडाचे) लोट दरीत उतरले आणि काही ठिकाणी दोनशे मीटरपर्यंत जाडीचा थर साचला. असे थर जाड आणि पुरेसे तप्त असले की खालच्या भागातले काचकण एकमेकांना चिकटून दबतात, प्यूमिसचे गोळे चपटे होऊन काळ्या ज्योतीसारख्या रेघा बनतात. हा झाला वेल्डेड टफ किंवा वेल्डेड इग्निम्ब्राइट. जगात अनेक ठिकाणी असे थर पूर्वी ऱ्हायोलाइटचा लाव्हा म्हणून नकाशावर नोंदले गेले होते, पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दबलेल्या कपच्या दिसल्यावर नकाशे बदलावे लागले.

मातीचे_पाय

फारच छान समजावलंत, आभार. तो चपट्या प्यूमिसचा मुद्दा आजवर कुठे वाचला नव्हता.

जुनापाना

थोडा इतिहास. बेसाल्ट हा ज्वालामुखीचा खडक आहे हे आज उघड वाटतं, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस यावर कडाक्याची भांडणं झाली. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात शिकवणारे आब्राहाम वेर्नर आणि त्यांचे शिष्य म्हणत, बेसाल्ट हा समुद्राच्या पाण्यातून तळाशी साचलेला खडक. त्यांना दिसणारा बेसाल्ट बराचसा टेकड्यांच्या माथ्यावर, गाळाच्या थरांवर बसलेला होता, जवळपास जिवंत ज्वालामुखी नव्हता, त्यामुळे ही समजूत अगदीच निराधार नव्हती.

फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य भागात निकोला देमारे यांनी १७६३ मध्ये बेसाल्टचे खांब पाहिले, आणि त्या खांबांच्या कातळाचा माग काढत गेल्यावर तो विझलेल्या ज्वालामुखींच्या लाव्हाप्रवाहांपर्यंत पोचला. नुसतं चालत जाऊन दिलेला पुरावा!

मग एडिंबरोत सर जेम्स हॉल यांनी भट्टीत बेसाल्टी खडक वितळवला. झटकन निववला तर काच झाली. तीच काच पुन्हा वितळवून सावकाश निववली तर स्फटिकी दगड परत मिळाला. हे प्रयोग १७९८ चे. वर भूस्तर म्हणाले की पोत हा वेगाचा प्रश्न, तो प्रयोगाने प्रथम दाखवणाऱ्यांत हॉल यांचं नाव घ्यावं लागेल.

उत्खनक

कातळवेडा यांचा मूळ प्रश्न, समोर बघून ओळखायचं कसं, यावर लिहितो. या भागावर पुस्तकं घाईत पुढे जातात असं माझं मत आहे.

समजा कड्यात बेसाल्टसारखा काळा, आडवा पट्टा दिसतोय, खाली-वर गाळाचे थर. तो लाव्हाप्रवाह असू शकतो किंवा दोन थरांच्या मधे घुसलेली सिल असू शकते. तुकडा फोडून दोघांत फरक कळेलच असं नाही. उत्तर पट्ट्याच्या कडांवर असतं, त्यातही वरच्या कडेवर.

खालची कड दोघांचीही सारखीच वागते. गरम रस खालच्या मातीवर टेकला की ती भाजून तांबडी, कडक होते. म्हणून खालचा भाजलेला थर पाहून निकाल देऊ नये. वरच्या कडेशी जा. लाव्हाप्रवाह असेल तर त्याचा माथा एकेकाळी उघड्यावर होता. तो खडबडीत, तुटलेल्या ढेकळांचा, बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी चाळण झालेला आणि बऱ्याचदा हवेने तांबूस पडलेला असतो. वरचा गाळ नंतर, निवलेल्या कातळावर साचला. त्यामुळे तो भाजलेला नसतो, लाव्हाच्या भेगांमध्ये उतरलेला असतो, आणि त्याच्या तळाशी लाव्हाचेच झिजलेले गोटे सापडतात.

सिल असेल तर वरचा थर आधीपासून तिथे होता. मग तोही भाजलेला दिसतो. पट्ट्याच्या दोन्ही कडांना काही सेंटिमीटरचा अगदी बारीक, जवळपास काचेसारखा काठ आणि मधे भरड दाणे. काही ठिकाणी रसाच्या जिभा वरच्या थरात घुसलेल्या असतात, आणि वरच्या थराचे तुटलेले तुकडे काळ्या खडकात अडकलेले. अशी एक जिभ किंवा असा एक तुकडा सापडला की वाद संपला, कारण जो थर अजून साचलाच नव्हता त्याचा तुकडा लाव्हात कसा येईल? एडिंबरोच्या सॅलिसबरी क्रॅग्जवर जेम्स हटन यांनी हेच दाखवलं होतं. रसाने गाळाचे थर उचकटून आत ओढलेले तिथे आजही दिसतात.

पोकळ्यांबद्दल थोडं सावध राहा. प्रवाहाच्या माथ्याशी पोकळ्यांची गर्दी, मधे जवळजवळ नाहीत, तळाशी पुन्हा पातळ पट्टा, आणि त्या तळच्या पट्ट्यात कधी कधी उभ्या नळ्या. अशी मांडणी दिसली तर लाव्हाप्रवाहाच्या बाजूने चांगला पुरावा. पण नुसत्या पोकळ्या आहेत, त्यात झिओलाइट किंवा कॅल्साइटसारखं खनिज भरलंय, एवढ्यावर निर्णय देऊ नका. उथळ सिलमध्येही दाब कमी असल्याने बुडबुडे धरतात.

खांबांचंही तसंच. खांब हे आकसण्यामुळे पडलेल्या भेगांनी होतात आणि निवणाऱ्या पृष्ठाला काटकोनात वाढतात. आडव्या प्रवाहात ते उभे, आडव्या सिलमध्येही उभेच. उभ्या डाईकमध्ये मात्र आडवे, रचून ठेवलेल्या ओंडक्यांसारखे. म्हणजे खांबांवरून निवणाऱ्या भिंतीची दिशा कळते, ती भिंत हवेशी होती की दगडाशी ते नाही.

निळा_डोंगर

उत्खनक, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे.

एक शंका. ज्वालामुखीच्या आतच, पण पृष्ठाखाली थांबलेला रस असेल तर? म्हणजे डोंगर तर ज्वालामुखीचाच.

भूस्तर

त्याचं फार बोलकं उदाहरण अमेरिकेतला सेंट हेलेन्स ज्वालामुखी. मार्च १९८० मध्ये डेसाइटचा (सिलिकाच्या प्रमाणात अँडेसाइट आणि ऱ्हायोलाइटच्या मधला) रस त्या डोंगराच्या पोटात चढला आणि बाहेर न येता तिथेच साचत गेला. उत्तरेचा उतार रोज दीड ते दोन मीटर बाहेर फुगत होता. १८ मे च्या सकाळी भूकंपाबरोबर तो उतार कोसळला, वरचं झाकण गेलं, दाब एकदम उतरला आणि आतला रस स्फोटाने बाजूला उडाला.

१७ मे रोजी तो रस अंतर्निर्मित होता, डोंगराच्या आत निवू लागलेला. १८ मे ला त्याचेच तुकडे मैलोन्‌मैल पसरून बहिर्निर्मित झाले. ज्वालामुखीचा तर तो दोन्ही दिवशी होताच. उतार कोसळला नसता तर तो गोळा तिथेच थिजला असता, आणि काही लाख वर्षांनी झिजेने उघडा पडल्यावर आपण त्याला उपज्वालामुखी खडक म्हटलं असतं. ज्वालामुखीच्या मुळाशी, पण पृष्ठाखाली उथळ जागी थिजलेले डाईक, सिल, नळीचे गाभे यांच्यासाठी हा मधला वर्ग वापरतात. न्यू मेक्सिकोतला शिपरॉक असाच नळीचा गाभा, आणि त्याच्यापासून निघालेल्या डाईकच्या भिंती मैदानावर दूरवर दिसतात.

ही सगळी उतरंड एकाच जागी बघायची तर सायप्रसमधलं त्रूदोस किंवा ओमानचे डोंगर. तिथे जुना समुद्रतळ जमिनीवर ढकलला गेलाय. वर समुद्राच्या पाण्यात निवलेले उशांच्या आकाराचे लाव्हा, त्यांना काचेची साल. त्याखाली एकाला एक खेटून उभ्या डाईक, ज्यांतून तो लाव्हा वर गेला. त्याच्याही खाली गॅब्रो, म्हणजे जमिनीखालच्या शिलारसाच्या कोठीतच राहून गेलेला रस. रासायनिकदृष्ट्या एकाच कुळातले, पोत तीन तऱ्हांचे.

खनिजप्रेमी

मान्य. तरीही नवशिक्यांना आधी दोन्ही शब्द समान सांगावेत, अपवाद नंतर, असं मला अजून वाटतं. पहिल्याच दिवशी उपज्वालामुखी काढलं तर मूळ कल्पनाच निसटते.

चकमक

@खनिजप्रेमी, मला उलट वाटतं. ‘बहिर्निर्मित हे सगळे ज्वालामुखी, पण ज्वालामुखी सगळे बहिर्निर्मित नव्हेत’ हे एक वाक्य पहिल्या दिवशीही पेलतं.

अवांतर: टांझानियातल्या ओल दोइन्यो लेंगाईचा लाव्हा ५०० ते ६०० अंशांवरच वाहतो, कारण तो सिलिकेटचा नसून सोडियम-कॅल्शियमच्या कार्बोनेटांचा आहे. काळा बाहेर पडतो आणि हवेतल्या ओलाव्याने थोड्याच काळात पांढरा पडतो. बहिर्निर्मित, ज्वालामुखी, दोन्ही. वर दिलेल्या सिलिकाच्या जोड्यांत मात्र कुठेच नाही.

जुनापाना

पहिल्या अर्ध्या वाक्यावर एक आडकाठी. जर्मनीत रीस इथे सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळली, खडक वितळले, काच उडाली. चेक देशात सापडणारी हिरवी मोल्डेव्हाइट काच त्यातलीच. पृष्ठावर निवलेला वितळलेला खडक, पण ज्वालामुखीशी संबंध शून्य.

भूस्तर

@जुनापाना, म्हणूनच आघाताने वितळलेल्या खडकांना वेगळं खातं दिलंय. बहिर्निर्मित म्हणायला रस खालून वर यावा लागतो. तिथे तो आला नाही, पृष्ठावरचा दगडच वितळला.

कातळवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार, अपेक्षेपेक्षा खूप जास्त मिळालं. शेवटचा प्रश्न, उत्खनक यांना. वरची कडच झिजून गेली असेल, काळा कातळ उघडा आणि त्यावर काहीच नाही, तर?

उत्खनक

बऱ्याचदा तसंच असतं. तेव्हा तो पट्टा कड्याच्या अंगाने शक्य तितका दूर धरत जा. झीज सगळीकडे सारखी होत नाही, एखाद्या घळीत किंवा उंचवट्याखाली वरची कड शाबूत सापडते. सिल असेल तर वाटेत कुठेतरी ती पायरी बदलते, एक थर सोडून वरच्या किंवा खालच्या थरात शिरते. लाव्हाप्रवाह जुन्या जमिनीवर बसलेला असल्याने त्या काळच्या दऱ्या भरत जातो, थर कापून वर चढत नाही. खालची कड जिथे दिसेल तिथे तळच्या नळ्या शोधा, आणि त्या एकाच दिशेला कलल्या असतील तर प्रवाहाची दिशाही नोंदवा. यातलं काहीच हाती लागलं नाही तर वहीत ‘बेसाल्ट, संपर्क अदृश्य’ एवढंच लिहा आणि बहिर्निर्मित हा शब्द कोरा सोडा. पुढे कोणाला ती कड सापडली तर तो भरेल.